माझ्या नावाची मूठ

मित्रांनो, धुळ्याच्या बाहेर जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथे बाभळीखाली, एक दार काढून ठेवलेली एक जीप उभी आहे ना, तीच मी. माझा मूळ रंग कोणता, हे आता तुम्हाला ओळखता यायचं नाही. एके काळी तो पिस्त्यासारखा हिरवा होता. माझ्या शेजारी एक ट्रक आहे, तो दिवसभर मुकाट्याने उभा असतो. मला मात्र गप्प बसणं जन्मात जमलं नाही. उभ्याउभ्यासुद्धा माझं काही ना काही खुळखुळत असतं. म्हणून म्हटलं, वेळ आहे तोवर आपली हकीकत सांगून टाकावी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्माच्या आठवणी फारशा गोड नाहीत. ठोकाठोक, ठिणग्या, रंगाचा वास, आणि सतत कोणीतरी आपल्याला पुढे ढकलतंय अशी घाई. जळगावच्या दुकानात आणून उभं केलं तेव्हा कुठे हायसं वाटलं. पण तिथेही येणारेजाणारे माझं दार उघडत, आत डोकावत आणि धाडकन दार आपटून निघून जात. दार लावायची ही कुठली रीत, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

एके दिवशी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्याहून मोतीलाल नावाचा शेतकरी आला. त्या साली कापसाला चांगला भाव मिळाला होता. अंगावर नवा सदरा होता, पण पायांत शेतातल्याच चपला होत्या. त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, दार उघडलं, आत बसले, उतरले आणि दार अगदी अलगद लावलं. निजलेल्या बाळाच्या खोलीचं लावावं तसं. मी तिथेच त्यांची झाले. पुढे सगळं गाव त्यांना नाना म्हणू लागलं, म्हणून मीही नानाच म्हणते.

घरी पोचले तर ओट्यासमोर नानांची बायको आरतीचं ताट घेऊन उभी. त्यांचं नाव बेबाबाई, पण लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाचा पंजा उठवला. त्यांचा लहानगा हितेंद्र तेवढ्यात मागच्या बाजूने माझ्या टपावर चढला होता. त्या दिवसापासून टप त्याचा आणि मी सगळ्या गावाची.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. बाहेरगावी गेलेले भाऊबंद त्यासाठी घरी येतात. कानबाईच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करतात आणि ते घरातल्या माणसांनीच खायचे असतात. बाहेरच्या माणसाला त्यातला घास मिळत नाही, मग तो कितीही जिवाभावाचा असो. घराघराची रीत थोडी वेगळी. आमच्या घरी रोटांचे गहू मोजून घेतात आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टोपलीत टाकतात. पहिल्या वर्षी अक्का ओट्यावर बसून अशाच मुठी मोजत होत्या. सासऱ्यांची मूठ झाली, नानांची झाली, हितेंद्रची झाली. नाना माझ्या चाकाला टेकून उभे होते. ते हसत म्हणाले,

"बठ्ठासनी मूठ झायी. नी आपली गाडीनी?"

अक्कांना चेष्टा कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी ती खरी केली.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "जो घरसाठे राबस, त्याना नावनी मूठ पडाले पाहिजे."

आणि त्यांनी माझ्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकले. टपावरून हितेंद्र ओरडला, "गाडीना वाटाना रोट मी खासू!" मी खाणार तरी कशी? तेव्हापासून दर श्रावणात माझा वाटा त्याच्या पोटात गेला. तो माझ्या वाट्याच्या रोटांवर वाढला असं म्हटलं तरी चालेल. मला मात्र त्या दिवशी इतका आनंद झाला की इंजिन बंद असूनही अंगात धडधड सुरू होती. मी विकत आणलेली वस्तू नव्हते. मी घरातली होते.

मग मीही हात राखून काम केलं नाही. गावात दुसरी चारचाकी नव्हती. कापसाची गाठोडी माझ्यात, लग्नाचं वऱ्हाड माझ्यात, साप चावलेला माणूस माझ्यात, दहावीच्या परीक्षेला धरणगावला जाणारी पोरं माझ्यात. कानबाईला येणारे पाहुणे जळगाव स्टेशनवरून मीच आणायचे, एकावर एक रचून. हितेंद्रचं लग्न झालं तेव्हा भडगावहून त्याची नवरी, कामिनी, हिलाही मीच घेऊन आले. वाटेत ती रडली नाही. तिने काचेतून रस्ता पाहिला आणि मग बराच वेळ नानांचे हात पाहिले. ते गिअर कसा टाकतात ते ती बघत होती, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात गहू मोजताना कामिनी माझ्याजवळ धुणं वाळत घालत होती. माझ्या नावाची मूठ टोपलीत पडलेली तिने पाहिली आणि हितेंद्रला हळूच म्हणाली,

"आमनी बायासनी मूठ नही, नी गाडीनी शे! भारी शे तुमनं घर."

हितेंद्र नुसता हसला. मला मात्र ते लागलं. खरं सांगते, मला तिचा रागच आला. बाईसाहेब काल आल्या आणि आज माझ्या मुठीवर डोळा! पण ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते इतकं लागलं.

वर्षं गेली. माझ्या अंगाचा कुरकुराट वाढला. पत्रा गळू लागला, डिझेल जास्त लागू लागलं, पासिंगच्या वेळी नानांच्या तोंडचं पाणी पळू लागलं. धरणगावच्या अभिमन मिस्तरीकडे माझं माहेर झालं. मिस्तरी दर वेळी माझ्या पोटाखालून बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचे. "इंजिन आजून लोखंड शे, नाना. फक्त तेवढा पंप बदली टाकूत." पुढच्या वेळी फक्त तेवढा क्लच, त्याच्या पुढच्या वेळी फक्त तेवढा रेडिएटर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती कोंबडी म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला नाही.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. नाना म्हणायचे, "हाई गाडीवर आपलं घर उभं ऱ्हायनं. तिले इकानी बात मनापुढे काढू नका." कामिनी म्हणायची, आता छोटी पिकअप घेऊ. आणि हितेंद्र? त्याच्याकडे दोघांनाही द्यायला एकच उत्तर होतं. "देखूत." नानांना देखूत, बायकोला देखूत. सकाळी ठेवायचं ठरायचं, संध्याकाळी काढायचं ठरायचं. मी अंगणात उभी राहून सगळं ऐकायचे. फोन वाजला की दचकायचे. कोणी परका माणूस जवळ येऊन मडगार्डवर टकटक केली की माझे नट सैल व्हायचे. मित्रांनो, नकोशी असणं वाईट असतं, पण आज हवीशी आणि उद्या नकोशी, हे त्याहून वाईट. नवे टायर घालायचे तर ‘विकायचीच आहे, कशाला?’ आणि विकायची तर ‘आत्ताच पंप बदललाय, कशाला?’ ना माझं औषधपाणी नीट होत होतं, ना निरोप होत होता.

एकदा तर धुळ्याहून गिऱ्हाईक आलं. हितेंद्रनेच बोलावलं होतं आणि त्या दिवशी तोच शेतात जाऊन बसला. मग गाडी दाखवायला नाना उभे राहिले. मला वाटलं, आता माझं गुणगान होणार. मी जमेल तेवढी ताठ उभी राहिले.

"दुसरा गेर कधी पडस, कधी नही," नाना म्हणाले. "पावसायामा डावी बाजूले गळस. नी सकायले चालू व्हवाले रुसस."

गिऱ्हाइकाने दारावरचा हात काढून घेतला. "नाना, तुम्ही गाडी इकी ऱ्हायनात, का मले भेव दखाडी ऱ्हायनात?"

ते चहा पिऊन परत गेलं. चारचौघांत माझी अशी लाज काढली म्हणून मी नानांवर रुसले. त्या संध्याकाळी मी खरंच चालू झाले नाही. पण नाना फडकं घेऊन आले, माझी काच पुसत बसले आणि स्वतःशीच हसत राहिले. मला विकू नये म्हणून त्यांनी मला नावं ठेवली होती. असं प्रेम कोणाच्या वाट्याला आलं असेल?

एवढ्या दिवसांत कामिनी गाडी शिकली होती. आधी शेताच्या बांधावर, मग गावाबाहेर, मग थेट धरणगावपर्यंत. गावातल्या बायकांनी गाईम्हशी पाळल्या होत्या, पण दूध डेअरीपर्यंत न्यायचं कोणी, हा प्रश्न होता. कामिनीने तो आपल्या अंगावर घेतला. पहाटे घराघरातून किटल्या यायच्या, ती ते दूध मोठ्या कॅनमध्ये ओतून घ्यायची आणि मी ते कॅन घेऊन निघायचे. कित्येक बायकांच्या घरी पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या हातात पैसा येऊ लागला. घरखर्चाला हातभार लागू लागला तो कामिनीचा, आणि खर्च होत होता तो माझ्यावर. हे मला कळत होतं. पण ती दार हलकेच लावायची, अगदी नानांसारखं. म्हणून माझा राग कधीच मावळला होता.

आषाढातली गोष्ट. रात्रभर झड लागली होती. गावाबाहेर नाल्यावर एक बसका पूल आहे, त्याला सगळे फरशी म्हणतात. त्याच्या उतारावर आम्ही होतो. मागे दुधाने भरलेले कॅन. समोर फरशीवर एक म्हातारी आपल्या शेळ्या घेऊन चालली होती. कामिनीने ब्रेकवर पाय दिला आणि तो पाय थेट खाली गेला. माझ्या अंगात ब्रेक उरला नव्हता. तिने पुन्हा दाबला. काही नाही. तिने दुसरा गिअर टाकायला धडपड केली, आणि तो गिअर, मित्रांनो, त्या दिवशी पडला नाही. मी सगळा जीव एकवटला, पण लोखंडाला नुसत्या इच्छेने थांबता येत नाही. म्हातारी समोर येत होती. कामिनीने दात आवळून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि मला बांधावरून कापसाच्या शेतात घातलं. काळ्या चिखलात माझी चाकं रुतली. मागे कॅन एकमेकांवर कोसळले, झाकणं उडाली, आणि सगळं दूध माझ्या तळातून सरीत वाहायला लागलं.

म्हातारी धावत आली. तिने कामिनीला खाली उतरवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तूनी मले वाचाडं, माय," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. कामिनीचं मनगट बघता बघता सुजलं. ती बांधावर बसून सरीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने मोटारसायकलवर हितेंद्र आणि नाना आले. नाना गाडी थांबायच्या आत उतरले आणि चिखलातून धावत थेट माझ्याकडे आले. खाली वाकले, माझ्या पोटाखाली पाहिलं, चाकावरून हात फिरवला. त्या हातासाठी मी आयुष्यभर आसुसलेली होते. पण त्या क्षणी मला तो नकोसा झाला. कारण कामिनी त्यांच्या मागे बांधावर बसली होती आणि ते सगळं पाहत होती.

"नाना," हितेंद्रचा आवाज आला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "गाडी नंतर देखा. पहिले तिले देखा."

नाना उठले, वळले आणि कामिनीचं मनगट पाहून तिच्यापाशी येऊन बसले. मग डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी तो तिच्या मनगटाला बांधला. कामिनी म्हणाली, "बायासनं दूध गये, नाना." आणि मग ती रडली. लग्नाच्या दिवशी न रडलेली कामिनी त्या दिवशी रडली.

बैलजोडी लावून मला घरी ओढत आणलं. अभिमन मिस्तरी आले आणि त्यांनी ब्रेकचं काम केलं. या वेळी ‘फक्त तेवढं’ असं काही ते बोलले नाहीत. माझ्यावर ताडपत्री टाकली. कामिनीचं मनगट बांधलेलं, म्हणून हितेंद्र मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून दूध नेऊ लागला. बायका किटल्या द्यायच्या, पण देताना विचारायच्या, "गाडी कोनती शे आज?" मोटारसायकल म्हटलं की किटली पुढे व्हायची. ताडपत्रीखाली मी ते रोज ऐकायचे. इतके दिवस मला भीती होती ती विकली जाण्याची. आता वेगळीच भीती वाटू लागली. न जाणो, पुन्हा ‘देखूत’ होईल आणि कामिनीला पुन्हा माझ्यात बसवतील. रात्री वारा सुटला की ताडपत्री फडफडायची आणि मला वाटायचं, आपण उतारावर आहोत.

नाना रोज यायचे, ताडपत्रीचं टोक उचलायचे, बघायचे आणि पुन्हा खाली सोडायचे.

श्रावण आला. कानबाई जवळ आली. अक्का गहू मोजायला ओट्यावर बसल्या. बसायच्या आधी त्यांनी माझ्यावरची ताडपत्री काढून टाकली, वर्षाच्या सणाला घरातलं कोणी झाकलेलं नको म्हणून असेल. नाना पायरीवर बसले. हितेंद्र दारात उभा. कामिनी एका हाताने गव्हातले खडे वेचत होती. अक्कांचे सासरे जाऊन वर्षं झाली होती, त्यांचं नाव आता नव्हतं. नानांची मूठ टोपलीत पडली. हितेंद्रची पडली. मग अक्कांनी सवयीने पुन्हा मूठ भरली, हात टोपलीवर आणला आणि तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. मुठीतून चार गहू खाली पडले. माझ्या नावाने मूठ पडली तर मी राहणार, आणि नाही पडली तर जाणार, हे त्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती.

नाना खाकरले.

"तू मोज," ते म्हणाले. "पन नाव बदली टाक."

"कोना नावनी?"

"जो घरसाठे राबस त्याना नावनी. तूच सांगेल व्हतं ना?"

अक्कांनी कामिनीकडे पाहिलं, "हाई कामिनीना नावनी," असं स्पष्ट म्हणाल्या, आणि माझी मूठ टोपलीत टाकली. वर पाव मूठही टाकली, जशी सगळ्यांना टाकतात तशी.

मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण पुढचं ऐका. कामिनी हातातले खडे तसेच धरून बसली होती. मग तिने ते बाजूला टाकले, आपल्या बऱ्या हाताने गव्हाची मूठ भरली आणि म्हणाली, "मंग आखो एक मूठ, अक्का. तुमना नावनी."

"मना नावनी?" अक्का हसायला लागल्या. "आते, ह्या उमरमा?"

हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांच्या नावाच्या मुठी मोजल्या होत्या. माझीसुद्धा मोजली होती. स्वतःचं नाव त्यांना कधी सुचलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणालाही नाही. नानांनी मान खाली घातली. कामिनीच्या हातातून गहू टोपलीत पडले, त्याचा आवाज मी अंगणातून ऐकला. त्या आवाजाने माझी इतक्या वर्षांची खुळखुळ थांबली.

कानबाईचं विसर्जन झालं, रोट संपले, कामिनीचं मनगटही बरं झालं. हितेंद्रने पिकअप आणली. पांढरीफटक, अंगाला नव्या रंगाचा वास, चिखल म्हणजे काय ते माहीत नाही. एक दिवस आम्ही शेजारी उभ्या होतो. मी तिला एवढंच सांगितलं, "बाई, ब्रेक सांभाळ. बाकी लोक चांगले आहेत."

मग मला धुळ्याला नेलं. निघताना अक्कांनी माझ्या बॉनेटवर पुन्हा हळदीकुंकवाचा पंजा उठवला. नानांनी चावी काढली आणि कामिनीच्या हातात दिली. "आज तू चालाड. मी बाजूले बठस." इतक्या वर्षांत नाना माझ्या बाजूच्या सीटवर कधी बसले नव्हते. एरंडोल गेलं, पारोळा गेला. उतार आला की त्यांचा उजवा पाय आपसूक दाबला जायचा. आवारात पोचल्यावर त्यांनी दार लावलं. अलगद. या वेळी गिऱ्हाइकापुढे त्यांनी माझा एकही दोष काढला नाही.

आता माझं एक दार दुसऱ्या कुठल्याशा जीपला गेलं आहे, आणि इंजिनासाठी कोणीतरी विचारून गेलं आहे. बॉनेटवरचा पंजा अजून फिकट दिसतो. दुपारी उन्हात पत्रा तडकतो तेव्हा जुनी बेचैनी उसळून येते, पण टिकत नाही.

मित्रांनो, जाता जाता एक विनंती आहे. आपल्या दारातली गाडी, गाय, घड्याळ, काहीही असो, ठेवायचं असेल तर त्याची नीट निगा राखून ठेवा आणि सोडायचं असेल तर प्रेमाने, वेळेवर सोडा. ‘देखूत, देखूत’ म्हणत मधेच लटकत ठेवू नका. तिथे आमचे हाल होतात आणि कधी माणसाचा जीवही जातो. आणि आमच्यावर माया करा, जरूर करा. पण आमच्या नावाची मूठ भरण्याआधी एकदा घरात वळून पाहा. तिथे कोणीतरी बसून सगळ्यांचे गहू मोजत असेल. तिची मूठ कोणी भरली आहे का, एवढं तिला विचारा.